मंगळवारच्या बाईची जांभई

असिमिना कार्वुनी आमच्या हायस्कूलमध्ये फक्त मंगळवारी येते. उरलेले चार दिवस उरलेल्या चार शाळांचे. पोरांच्या मनाचं बघायला पाच शाळांत मिळून एक बाई नेमली आहे, असं मुख्याध्यापिका कालिरोई बाईंनी सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "म्हणजे आपल्या पोरांनी उदास व्हायचं ते मंगळवार बघून." मी पीटीचा मास्तर, तोंडाचा फटकळ, आणि या वयात ते सुधारायची माझी इच्छा नाही. सगळे हसले. नवीन बाईसुद्धा हसली आणि म्हणाली, "बरोबर बोललात, अपोस्तोलिस सर. म्हणूनच बाकीचे चार दिवस तुम्ही काम करायचंय."

बुटकी, पस्तिशीची, उत्तरेकडच्या कोझानी शहराकडची. जवळच्या कार्दित्सा शहरात भाड्याच्या खोलीत राहते आणि पहाटे उठून एका खटारा गाडीतून आमच्या सपाटीवरची गावं पालथी घालते. गाडीच्या मागच्या सीटवर छत्री, सपाता, बिस्किटं आणि कधीचं तरी अर्धवट खाल्लेलं सँडविच असतं. तिची नेमणूक दरवर्षी जूनमध्ये संपते आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं ते सप्टेंबरात कळतं. मी तिला म्हटलं, असल्या नोकरीत माणसाचंच मन बिघडायचं. ती म्हणाली, "बिघडतं ना. मग मीपण कुणाशी तरी बोलते. दाढदुखी झाली तर डॉक्टर स्वतःची दाढ स्वतः उपटतो का?"

बसायला तिला जिमच्या शेजारची, माझी चेंडू ठेवायची खोली मिळाली. मी कुरकुरत चेंडू बाहेर काढले. पहिले काही मंगळवार तिच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. एक मुलगा आला होता, तो संडास कुठे आहे ते विचारायला. गाव लहान आहे. त्या दारातून कोण आत गेलं हे संध्याकाळी कॉफीच्या दुकानात कळणार, आणि रात्रीपर्यंत पोराला वेड लागलेलं असणार. असं दार कोण उघडेल?

ते दार उघडलं एका जांभईने. ऑक्टोबरच्या सुरुवातीची गोष्ट. मारामारी केली म्हणून एका पहिलीतल्या, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्गातल्या पोराला कालिरोई बाईंनी तिच्याकडे पाठवलं. ही पहाटेपासून गाडी हाकत आलेली, खोलीत हीटर चालू. पोरगं आपली कर्मकहाणी सांगतंय आणि हिला आली जांभई. साधीसुधी नव्हे, जबडा निखळेल अशी, डोळ्यांतून पाणी काढणारी. पोरगं टक लावून बघत राहिलं. मग हळूच उठलं, मैदानात गेलं आणि त्याने जाहीर केलं, "नवीन मॅडम दृष्ट काढतात. माझी काढली. केवढी जांभई आली त्यांना, रडल्याच."

आता आमच्याकडे दृष्ट काढणारी बाई पाण्यात तेलाचे थेंब सोडते, ओठातल्या ओठात मंत्र म्हणते, आणि समोरच्याला दृष्ट लागलेली असेल तर तिला जांभया येतात. जेवढी मोठी जांभई, तेवढी जबर दृष्ट. हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पुढच्या मंगळवारी मी शाळेत आलो तर चेंडूंच्या खोलीपासून कँटीनपर्यंत रांग.

असिमिनाला काही कळेना. मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "सर, हे काय आहे? आत्ता एक मुलगी मला विचारून गेली की माझी किती जोराची आहे म्हणून." मी तिला सांगितलं आणि भिंतीला धरून हसलो. मग म्हटलं, "बाई, तोंड बंद ठेवा. देवाने दिलंय, घ्या."

तिने तोंड बंद ठेवलं नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "मी दृष्ट काढत नाही. त्या दिवशी मला झोप आली होती आणि समोर माणूस बोलत असताना जांभई दिली, हे माझं चुकलंच. पण आता आलायस तर बस." काही निघून गेले. बरेचसे बसले. एकदा बसलेलं पोर बोलतंच. शिवाय दृष्ट काढायला गेलं म्हणून आमच्याकडे कुणी कुणाला वेडं म्हणत नाही, त्यामुळे दारातून आत जायची लाज गेली होती. मंगळवारचा दिवस तिला पुरेना झाला. मग तिने आम्हा मास्तरांनाच धरलं. खूप दिवसांनी शाळेत आलेल्या मुलाला हजेरी घेताना "अरे वा, उगवलात का" असं म्हणायचं नाही. "आलास, बरं झालं" एवढंच, आणि पुढचं नाव घ्यायचं. मला हे जड गेलं, कारण "उगवलात का" हा माझ्या आवडीचा टोमणा होता.

मग अठ्ठावीस ऑक्टोबर आला. त्या राष्ट्रीय सणाला शाळांचं संचलन असतं आणि पुढे झेंडा घेऊन चालायचा मान शेवटच्या वर्षातल्या सगळ्यांत हुशार मुलाला नाहीतर मुलीला मिळतो. यंदा तो बेकरीवाल्या लाम्ब्रोसच्या मिर्सिनीचा होता. मीच तिला तयार केलं होतं. ताठ, उंच, पांढरे हातमोजे, नजर समोर. दोन्ही बाजूंना अख्खा गाव उभा. मान्यवरांच्या समोर ती आली आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. वादळाचा इशारा. तो कर्कश आवाज येतो ना, तो, शेकडो खिशांतून एकाच वेळी. लोकांनी फोन काढले, बंद केले, कुणी शिव्या घातल्या. मिर्सिनी मात्र दोन्ही हात कानांवर ठेवून जागच्या जागी खाली बसली. झेंड्याची काठी रस्त्यावर पडायच्या आधी मी धावत जाऊन धरली, पण पोरीला धरायला मला उशीर झाला. तिला तिथून उचलूनच न्यावं लागलं.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. आमच्याकडे गैरहजेरीची मर्यादा असते. ती ओलांडली की वर्ष गेलं, मग तुम्ही कितीही हुशार असा. कालिरोई बाई म्हणाल्या, नाताळपर्यंत आली नाही तर मलाही काही करता येणार नाही. ज्या मुलीला वैद्यकीय कॉलेजात जायचं होतं ती बेकरीच्या वरच्या खोलीत पडदे ओढून बसली होती, झोपत नव्हती, आणि पाऊस आला की पलंगाखालून निघत नव्हती.

गावाने निकाल दिला: दृष्ट. एवढी हुशार, एवढी देखणी, त्यात पांढरे हातमोजे घालून सगळ्या गावासमोर, आणि कुणी थू थूसुद्धा केलं नाही. मीही तेच म्हणालो. असिमिनाने मला एकच विचारलं, "पुराच्या रात्री ती कुठे होती?"

"छपरावर. आम्ही सगळेच कुठल्या ना कुठल्या छपरावर होतो. दोन वर्षं झाली त्याला."

"आणि त्या रात्री फोन वाजले होते?"

वाजले होते. बॅटऱ्या संपेपर्यंत वाजत होते.

असिमिना बेकरीत गेली. मुलगी अल्पवयीन, तेव्हा तिच्याशी बसून बोलायचं तर आईबापांची सही लागते. आईने लगेच केली. लाम्ब्रोसने हात पिठात आहेत म्हणून सांगितलं. हे पीठ काही केल्या धुतलं जाईना. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण माझी मुलगी वेडी नाही. दृष्ट आहे, माझी आई काढेल." आणि तिच्या हातात तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांची पिशवी देऊन त्याने तिला दारापर्यंत सोडलं. आमच्याकडे माणसाला घालवायचं असलं तरी रिकाम्या हाताने घालवत नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत मी उपाय सांगितला. "सरळ सांगा की तुम्ही दृष्ट काढता. लाम्ब्रोस स्वतः पोरीला घेऊन येईल. सही मागाहून बघू." कालिरोई बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्यांना चालणार होतं.

असिमिनाने कडं मोडून निम्मं मला दिलं. "सर, त्या मुलीने मला खरं सांगावं अशी माझी अपेक्षा आहे. आणि मी तिला थाप मारून बोलावू?"

"तिचं वर्ष जाईल."

"दिसतंय मला," ती म्हणाली. त्या दिवशी मला तिचा राग आला. एवढं सरळ वागणं परवडतं कुणाला, असं मी घरी जाऊन बायकोलाही म्हणालो.

पुढच्या मंगळवारी लाम्ब्रोसची आई शाळेत आली. पोलिक्सेनी आजी. आमच्या भागात दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. काळी ओढणी, हातात काठी, आणि चेहऱ्यावर असा भाव की दुकानासमोर कुणीतरी दुसरं दुकान टाकलंय. मला म्हणाली, "अपोस्तोलिस, तूही चल आत. साक्षीला."

आत जाऊन तिने असिमिनाला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच का गं ती? मंत्र कुणी दिला तुला?"

"कुणीच नाही, आजी."

"बाईकडून घेतलास की पुरुषाकडून? बाईकडून घेतला असशील तर फुकट गेला, आत्ताच सांगते. बाईने पुरुषाकडून घ्यायचा आणि पुरुषाला द्यायचा. मला माझ्या सासऱ्याने दिला, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी."

"मला मंत्र येतच नाही. मला झोप आली होती. गाडी चालवून दमले होते."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि हसायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलवून. "आणि पोरं रांग लावतायत. झोपेची जांभई वेगळी, दृष्टीची वेगळी, एवढंही कळत नाही आजकालच्या पोरांना."

"मी सांगते त्यांना. ऐकत नाहीत."

"माझंही कोण ऐकतं," आजी म्हणाली. मग काठीकडे बघत म्हणाली, "नातीची मी तीनदा काढली. जांभई नाही. तेलाचा थेंब पाण्यावर तसाच राहतो, गोल. फुटत नाही, पसरत नाही. तिला दृष्ट नाहीच. लाम्ब्रोसला मी सांगितलं नाही. तो म्हणेल म्हातारी संपली. काय झालंय गं तिला?"

"मी तिला भेटले नाही, आजी, तर कसं सांगू? पण भीती बसली असेल, तर त्यावर काम करता येतं. अशी भीती बसलेली मुलं मी बघितलीत, आणि बरी झालेलीही बघितलीत."

"त्याला काय करतात?"

"आधी बोलायचं. मग ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडं थोडं जायचं. उद्या जरा आणखी पुढे."

"तेल लागतं?"

"नाही."

"बरं. स्वस्तात होतंय," आजी म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावाला गर्दी असतानाच ती बेकरीत उभी राहिली. मी रांगेत होतो, म्हणून ऐकलं. "लाम्ब्रोस, तिला दृष्ट नाही. असती तर मी काढली असती, चाळीस वर्षं काढतेय. हे माझ्या हातातलं दुखणं नाही. हे त्या मंगळवारच्या बाईचं आहे. हात धू आणि सही कर." लाम्ब्रोसने गिऱ्हाइकांकडे बघितलं. कुणी त्याच्या मदतीला येईना. पोलिक्सेनी आजीने जिथे हात टेकले तिथे शाळेच्या बाईला पाठवायचं, यात लाज कसली? त्याने सही केली.

मिर्सिनी खाली येईना, म्हणून असिमिना वर गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्सिपुरो दारूचे दोन ग्लास पाजूनही मी तिच्याकडून अक्षर काढू शकलो नाही. त्यानंतरच्या मंगळवारी मात्र तिने मला जिममध्ये गाठलं. "सर, तुमचे चार दिवस सुरू झाले."

काम असं: रोज सकाळी बेकरीपासून शाळेच्या दिशेने मिर्सिनीबरोबर चालायचं. ती म्हणेल तिथून परत फिरायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, आणि "काही होत नाही" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

"मग बोलू काय?"

"फुटबॉलवर बोला. गप्प बसा म्हटलं तरी तुम्ही बोलताच."

पहिल्या दिवशी आम्ही औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. त्यानंतर चौकातल्या चिनारापर्यंत. पाऊस होता त्या दिवशी दारातच उभे राहिलो, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला. मंगळवारी असिमिना तिला फोनचा तो आवाज ऐकवायची, आधी शेजारच्या खोलीतून, बारीक, मग जवळून. पोरगी रात्री झोपायला लागली. मी तिला सबंध लीगचा इतिहास ऐकवला आणि ती एकदा म्हणाली, "सर, तुमचा संघ दरवर्षी हरतो, तरी तुम्ही एवढं का बोलता?" मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पण पुलाच्या अलीकडे आम्ही अडकलो. तिथे स्तामातिया आजीचं घर आहे, आणि शाळेला दुसरा रस्ता नाही. पुराआधी मिर्सिनीचं घर तिच्या शेजारीच होतं. त्या रात्री स्तामातियाचा नवरा थिमिओस खाली कोंबड्या सोडवायला उतरला आणि पाण्यात गेला. मिर्सिनी रोज तिथे येऊन थांबायची आणि मागे फिरायची. एका सकाळी ती फिरली नाही. समोर बघत म्हणाली, "सर, थिमिओस आजोबा हाका मारत होते. आमच्या छपरावर ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, ऐकू नकोस. मी ऐकत होते. मग हाका थांबल्या. आधी मान खाली घालून पळत जायचे, आता या दारावरून मला जाताच येत नाही. स्तामातिया आजीने मला बघितलं तर तिला कळेल की मी ऐकलं होतं."

"काही होत नाही" हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात एवढं अवघड काही गिळलेलं नाही.

हे असिमिनाला मिर्सिनीने आधीच सांगितलेलं होतं. स्तामातिया आजीशी बोलायचं की नाही ते मिर्सिनीने ठरवावं, आणि आजीला चालेल का ते आजीला विचारावं, असं असिमिना म्हणाली. मिर्सिनीने ठरवलं. विचारायला पोलिक्सेनी गेली. स्तामातियाचा निरोप आला, पोरीला आणा. नाताळची सुट्टी तोंडावर आली होती. मी असिमिनाला म्हटलं, मंगळवारी करू, तुम्ही असाल. तिने मान हलवली. "गुरुवारी करा. मी असल्यावरच जमणार असेल तर मी जूनमध्ये गेल्यावर ती काय करेल? आणि तुम्ही आहात की. रोज सकाळी तिच्याबरोबर मी नाही चालले."

गुरुवारी आम्ही निघालो. लाम्ब्रोसही भट्टी सोडून आला, बाहीला पीठ तसंच. स्तामातिया आजी पायरीवर उभी होती. मिर्सिनी तिच्यासमोर जाऊन थांबली. "आजी, त्या रात्री आजोबा हाका मारत होते. मी ऐकलं. आम्ही कुणी आलो नाही."

आजीने विचारलं, "किती वेळ?"

"काय, आजी?"

"किती वेळ मारत होता हाका?"

मिर्सिनीने वडिलांकडे बघितलं नाही. "खूप वेळ."

स्तामातिया पायरीवर बसली. मला वाटलं आता ही कोसळते, आणि मी पुढे झालो. तिने हाताने मला थांबवलं. "दोन वर्षं सगळे मला सांगतायत, तो लगेच गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. मुलगे सांगतात. पाद्री सांगतो. मी वरच्या खोलीत होते गं. जिना पाण्यात. मी ऐकत होते. मी म्हणायचे, तो हाक मारत होता, तर हे माझ्याकडे असे बघायचे. मला वाटलं मलाच वेड लागलंय." तिने मिर्सिनीचं मनगट धरलं. "तू ऐकलंस. खरंच ऐकलंस ना?"

"हो, आजी."

तेव्हा माझ्या मागून लाम्ब्रोस बोलला. पुरानंतर त्या रात्रीबद्दल त्याच्या तोंडून मी कधी अवाक्षर ऐकलं नव्हतं. घरात कुणी विषय काढला तर तो उठून जायचा. तो म्हणाला, "मीपण ऐकलं, स्तामातिया काकू." आणि तो रस्त्यातच, फाटकाला धरून, लहान पोरासारखा रडायला लागला.

आजीने सगळ्यांना आत बोलावलं. मिर्सिनीने डोळे पुसले, वडिलांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि दप्तर खांद्यावर नीट केलं. मी तिच्याबरोबर निघालो, तर म्हणाली, "सर, तुम्ही इथेच थांबा. बाबांजवळ कुणीतरी पाहिजे. आणि 'काही होत नाही' असं म्हणू नका त्यांना."

ती पुलावरून एकटी शाळेला गेली. मी आत जाऊन लाम्ब्रोसशेजारी बसलो.